दोन बिल्ले

टेबलावर शेवटचे दोन बिल्ले उरले होते, आणि दोन्ही माझेच होते.

अमरावतीतल्या एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच ते टेबल मांडलेलं होतं. पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, त्यावर स्केचपेननं काढलेली नावं, मागे सेफ्टीपिन. टेबलामागे एक धिप्पाड गृहस्थ बसले होते.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"खानझोडे. मुरलीधर खानझोडे. खामगाव."

"ते नाही हो काका. ओसरीवरचं नाव. आयडी."

मी बिल्ल्यांकडे बघत राहिलो. डावीकडे 'जुनीपोथी', उजवीकडे 'बिनतारी'. डावा उचलला तर उजवा कोणाचा, आणि उजवा उचलला तर डावा कोणाचा, या विचारात माझा हात टेबलाच्या वर तसाच लटकून राहिला.

"अरे, विचारायचं काय त्यात!" गृहस्थ उठून उभेच राहिले. "खांद्याला शबनम, शबनममध्ये पुस्तक, चष्म्याला दोरी! काका, तुमच्या तर कपाळावर लिहिलं आहे. अहो ऐका, जुनीपोथी आले!"

आणि त्यांनी तो बिल्ला माझ्या सदऱ्याला लावला. बनियनलाही लावला, आणि जरासा मलाही. आत तीस-पस्तीस माणसं एकदम वळली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"मी फोडणी," गृहस्थ हात पुढे करून म्हणाले. "बँकेत आहे. अविनाश मोहरील."

मी गारच पडलो. "तुम्ही फोडणी? मी तर तुम्हाला इतके महिने ताई म्हणून राहिलो."

"म्हणा ना बाप्पा, मला आवडते," मोहरील म्हणाले. मग उरलेला बिल्ला दोन बोटांत धरून त्यांनी माझ्यापुढे नाचवला. "आता फक्त तुमचा वैरी यायचा आहे. खास सिंगापूरहून येऊन राहिला पठ्ठ्या. आज सोडायचं नाही त्याले!"

ही गोष्ट जानेवारी दोन हजार नऊची. ओसरी हे मराठी माणसांचं इंटरनेटवरचं चर्चेचं ठिकाण होतं. आता ते नाही. कोणीही यावं, एखादं टोपणनाव घ्यावं, धागा काढावा म्हणजे विषय मांडावा, आणि बाकीच्यांनी खाली प्रतिसाद लिहावेत, असा कारभार. मी चौतीस वर्षं खामगावच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. एकटा माणूस. निवृत्त झाल्यावर पुतण्याचा जुना संगणक घरी आला आणि त्याच्याबरोबर ओसरी आली.

मला माणसांपुढे बोलता येत नाही. वाचनालयात माझं सगळ्यात लांब वाक्य 'पुढच्या मंगळवारी परत करा' हे होतं. ओसरीवर मात्र कोणाचा चेहरा दिसत नव्हता. मोठ्या धीरानं मी 'जुनीपोथी' हे नाव घेतलं आणि पहिला धागा काढला: 'पुस्तक वाचावं ते कागदावरच'. लेख चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिला होता.

नऊ दिवस त्याखाली 'प्रतिसाद: शून्य' असं येत राहिलं.

ज्यानं हे भोगलं नाही त्याला यातलं दुःख कळणार नाही. शेजारी 'मोबाइलवर मिस्ड कॉल देणं हा असभ्यपणा आहे का?' या धाग्यावर एकशे नव्वद प्रतिसाद होते. दहाव्या दिवशी मी ठरवलं की, निदान शून्य तरी घालवावं. दुसऱ्या नावानं सदस्य झालो आणि स्वतःच्या लेखाखाली प्रतिसाद लिहायला बसलो. कौतुकाचे दोन शब्द लिहिणार होतो. पण लेख पुन्हा वाचताना त्यात मला इतक्या चुका दिसल्या की कौतुक काही जमेना. शेवटी लिहिलं ते असं: 'पोथीकाका, तुमचा कागद वाळवीला आवडतो, म्हणून आम्हालाही आवडलाच पाहिजे का? — बिनतारी, सिंगापूर.'

सिंगापूर का, ते मला अजून सांगता येणार नाही. लांब वाटलं.

त्यावर जुनीपोथीला राग आला. तो खरा राग होता, यात लबाडी नव्हती. त्यानं उत्तर दिलं. बिनतारीनं उलट उत्तर दिलं. दोन दिवसांत माणसं जमली. कोणी पोथीकाकांच्या बाजूनं, कोणी बिनतारीच्या. वाद कागदावरून वर्तमानपत्रावर गेला, वर्तमानपत्रावरून रेडिओवर, पत्रावरून एसएमएसवर. सात महिन्यांत बाराशे प्रतिसाद झाले, त्यातले निम्मे माझे. जेवायच्या आधी मी बिनतारी म्हणून जुनीपोथीची खिल्ली उडवायचो आणि जेवताना जुनीपोथी म्हणून मला घास जायचा नाही. बिनतारी एकतीस वर्षांचा होता, उद्धट होता, कोणाला भ्यायचा नाही. खरं सांगायचं तर तो मला फार आवडायचा.

डिसेंबरात कोणीतरी लिहिलं, 'हे दोघं एकच तर नाहीत?'

ओसरीचे मालक पुण्याचे मंदार ओगले म्हणून होते. संगणकातले तरुण गृहस्थ, नियमांचे पक्के. दोन नावांनी लिहिणाऱ्या एकाला त्यांनी महिन्यापूर्वीच सगळ्यांदेखत काढून टाकलं होतं, आणि त्याचं लिहिलेलं सगळं पुसलं होतं. जानेवारीत अमरावतीला ओसरीकरांचा कट्टा, म्हणजे प्रत्यक्ष भेटायचा मेळावा, ठरलेला होता. त्यांनी जाहीर केलं: 'अमरावतीच्या कट्ट्याला मी येतोय. जुनीपोथी आणि बिनतारी, दोघांनी समोर यावं. नाही तर दोन्ही खाती बंद, आणि धागाही जाईल.'

घाबरून मी दोघांतर्फे 'येतो' लिहिलं. बिनतारीनं तर वर 'विमानाचं तिकीट काढलं, पोथीकाकांना जिलबी खायला घालीन' असंही लिहिलं. त्याला गप्प बसता येत नसे.

माझा बेत साधा होता. माझ्या वरच्या खिशात एक चिठ्ठी होती: 'मुंबईत विमान चुकलं. सर्वांची क्षमा मागतो. — बिनतारी.' आधी 'विमान रद्द झालं' लिहिलं होतं, पण मी कधी विमानात बसलेलो नाही. रद्द होणं जास्त खरं वाटेल की चुकणं, हे ठरवायला मला दोन दिवस लागले. रस्त्यापलीकडे सायबर कॅफे आहे हे येतानाच बघून ठेवलं होतं. कट्टा सुरू झाला की पाच मिनिटं सटकायचं, ओसरी उघडायची, निरोप टाकायचा आणि परत यायचं.

मी पहिल्यांदा दाराकडे निघालो तेव्हा एका मुलीनं वाकून नमस्कार केला. "काका, तुमचा तो जुन्या पुस्तकांच्या वासाचा प्रतिसाद वाचून मी रडले होते." मी तिला 'पुढच्या मंगळवारी' असं काहीतरी म्हणालो.

दुसऱ्यांदा निघालो तर एका फॅक्टरीवाल्यानं माझा दंड धरला. "काका, माफ करा, मी बिनतारीच्या पार्टीचा. पण एक सांगा, त्याचा फार राग येतो का हो तुम्हाला?"

"कधी कधी," मी म्हणालो.

"तो आला की मी त्याला मिठी मारणार आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

तिसऱ्यांदा मी भिंतीला धरून, फराळाच्या टेबलामागून, अगदी जिन्यापर्यंत पोचलो. तिथं मंदार ओगले स्वतः उभे होते. हातात घड्याळ.

"कुठे निघालात, काका?"

"जरा... हात धुवायला."

"बेसिन आत आहे." ते माझ्याकडे हसून बघत होते, पण डोळे हसत नव्हते. "अकरा वाजले. बिनतारींचा फोन नाही, मेल नाही. मला काय वाटतंय सांगू का?"

मला काय वाटत होतं ते मी सांगतो. मला वाटत होतं की आता सगळं संपलं. बाराशे प्रतिसाद जाणार, या माणसांसमोर मी खोटा ठरणार, आणि उद्यापासून पुन्हा घरात फक्त घड्याळ बोलणार. कबूल करून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"बिनतारीचा बिल्ला कुठे आहे?" जिन्यावरून आवाज आला.

पन्नाशीच्या एक बाई वर येत होत्या. सुती साडी, हातात स्टीलच्या डब्याची पिशवी, एसटीचा धुरळा अंगावर. त्या दोन पायऱ्या खाली थांबल्या, श्वास घेतला आणि टेबलाकडे हात केला.

"तो. टेबलावरचा. द्या इकडे."

मोहरील उभे होते ते बसले. "तुम्ही?"

"काऊन? बिनतारी बाई नसते का?"

"पण सिंगापूर...?" ओगले म्हणाले.

"खोटं होतं ते." बाई बिल्ला लावत म्हणाल्या. "माझं नाव शैला गावंडे. शैला म्हणून लिहिलं असतं तर तुम्ही लोक भांडले असते माझ्याशी? 'ताई, छान लिहिता, लिहीत राहा' म्हणून निघून गेले असते. कोण ते बिनतारीच्या पार्टीचे? फॅक्टरीवाले?"

मिठी मारणार होते ते गृहस्थ दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी हात जोडले.

मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. या बाईंना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"या, पोथीकाका," त्या म्हणाल्या. "वाळवी काय म्हणते?"

ते माझं वाक्य होतं. सतरा जूनचं.

पुढचं सगळं इतक्या भराभर झालं की माझ्या आठवणीत ते उलटसुलट असेल. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या गेल्या. ओगले मध्ये बसले, हातात घड्याळ तसंच. माणसं सतरंजीवर.

बाईंनी सुरुवात केली. "कागदाचं पुस्तक एका वेळी एकाच्याच हातात असतं. म्हणजे ते वाचणारा बाकी सगळ्यांपासून ते लपवून ठेवतो. हे तुम्हाला ज्ञानदान वाटतं?"

नऊ जुलै. शब्द न् शब्द. मी हे लिहिलं होतं आणि यावर तीन दिवस झुरून उत्तरही लिहिलं होतं. ते उत्तर माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"एका वेळी एकाच्याच हातात असतं, म्हणून तर ते दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं! देताना दोन शब्द बोलले जातात. तुमचा पडदा कोण कोणाला देतं?"

"वा!" सतरंजीवरून आवाज आला.

मी स्वतःच दचकलो. माझा आवाज चांगला खणखणीत होता. बाईंनी ऑगस्टमधला मुद्दा टाकला, मी ऑगस्टमधलं उत्तर दिलं. त्यांनी वर्तमानपत्राची रद्दी काढली, मी रद्दीच्या कागदात बांधलेल्या भज्यांबरोबर वाचलेला अग्रलेख काढला. हशा झाला. मोहरील तर ओरडलेच, "प्लस वन!" ओसरीवर एखादं म्हणणं पटलं की '+१' लिहायची पद्धत होती, ती माणसं आता तोंडानं म्हणू लागली. "प्लस वन, काका!" "बिनतारीला प्लस वन!" चटणीची वाटी लवंडली, कोणी पुसली नाही. मी हातवारे करत होतो. मी, मुरलीधर खानझोडे, खुर्चीच्या कडेवर येऊन एका अनोळखी बाईंना, "मुद्दा सोडू नका!" असं म्हणत होतो. साठ वर्षांत इतकी मजा मला आली नव्हती.

आणि मग बाई म्हणाल्या, "तुम्ही ग्रंथपाल होता ना? सभासद किती होते वाचनालयाचे?"

मी थांबलो. हे मी लिहिलं नव्हतं. जूनमध्ये नाही, जुलैमध्ये नाही, कुठेच नाही.

"अकराशे चाळीस," मी म्हणालो.

"बायका?"

"दोनशेच्या वर."

"रजिस्टरातल्या नाही विचारत. दाराच्या आत पाय टाकणाऱ्या."

मी मोजलं. खोटं बोलवेना. "आठ. नऊ असतील."

"आणि बाकीच्या?"

"चिठ्ठी पाठवायच्या. भावाबरोबर, नवऱ्याबरोबर. 'एक कादंबरी द्यावी' म्हणून."

"मग कादंबरी कोण निवडायचं?"

"मी."

खोलीत कोणी प्लस वन म्हणालं नाही.

"पडद्यावर बाई स्वतः निवडते," शैलाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "स्वयंपाक आटोपून बसते, पाहिजे ते उघडते, नाही आवडलं तर बंद करते. कोणाच्या हाती चिठ्ठी द्यावी लागत नाही. तुमच्या कागदाला वास असेल, काका. पण तो एका दाराच्या आत होता, आणि दारात तुम्ही बसले होते."

सात महिने मी या वादात दोन्हीकडून बोलत होतो. समोरचा काय म्हणेल हे मला ठाऊक असायचं, कारण तो मीच असायचो. आता मला काहीच ठाऊक नव्हतं. पण भीती वाटत नव्हती. उलट, कोणीतरी अचानक खिडकी उघडावी तसं झालं होतं.

"मी चिठ्ठीच्या मागे पेन्सिलनं लिहायचो," मी म्हणालो. ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नव्हती. "'आवडलं का, कळवावं.' आणि ती चिठ्ठी पुस्तकात ठेवून द्यायचो. प्रत्येक वेळी. म्हणजे पुढचं पुस्तक नीट निवडता येईल. पण चौतीस वर्षांत एकाही चिठ्ठीला उत्तर आलं नाही. मला वाटायचं, माझी निवडच वाईट."

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"पुस्तक परत करायलाही बाई येत नव्हती," त्या म्हणाल्या. "नेणारा पुस्तक झटकून न्यायचा. उत्तराची चिठ्ठी कुठे पडली याचं त्याला काय?"

ओगलेंनी घड्याळ खिशात ठेवलं. "बरोबरी," ते म्हणाले. मग उभं राहून आम्हा दोघांची चक्क माफी मागितली. खाती चालू राहतील, धागा राहील, शंका घेणाऱ्यानं दोघांना जिलबी द्यावी. मोहरीलांनी मला उचलायचा प्रयत्न केला. मी उचलला गेलो नाही, पण चष्म्याची दोरी तुटली.

जेवणाच्या गर्दीत बाई मला भेटल्याच नाहीत. तीनच्या खामगाव गाडीत मी खिडकीशी बसलो, आणि गाडी सुटता सुटता शेजारी स्टीलच्या डब्याची पिशवी येऊन टेकली.

"सरका थोडं, खानझोडे सर."

"तुम्ही... खामगावच्या?"

"मग! सिंगापूरची गाडी इथूनच सुटते का?" आणि त्या इतक्या हसल्या की कंडक्टरही हसला.

बडनेरा मागे पडलं. मग म्हणालो, "तुम्हाला कसं कळलं?"

"मी वीज कार्यालयात आहे. भारनियमनाचं वेळापत्रक मी टाइप करते. कोणत्या भागाची वीज किती ते किती जाणार."

त्या वर्षी रोज चार-चार तास वीज जायची. खामगावात माणसं लग्नाचा मुहूर्त सांभाळत नव्हती इतकं ते वेळापत्रक सांभाळत.

"मी ओसरी वाचते, लिहीत नाही," त्या सांगू लागल्या. "तुमचं भांडण तर रोज वाचायची. ऑक्टोबरात तीन नंबरच्या भागाची वेळ आम्ही सकाळची दुपारी केली. त्याच दिवसापासून जुनीपोथी सकाळी लिहू लागले. ठीक आहे, म्हटलं, आपल्याच गावचे असतील. वाचनालयाचं लिहितात, म्हणजे खानझोडे सर. गावात दुसरं कोण आहे असं? पण बिनतारीपण त्याच दिवसापासून सकाळी! आता मला सांगा सर, सिंगापूरची लाइट खामगावच्या वेळापत्रकानं कशी जाते?"

मी खिडकीबाहेर बघितलं. कपाशीची शेतं लाजेनं पळत होती असं वाटलं, पण पळत मीच होतो.

"तरी खात्री नव्हती," त्या म्हणाल्या. "म्हणून एकदा..."

"एकदा काय?"

"काही नाही. पाचच मिनिटं."

"बाई!"

"भर भांडणात दोघंही एकदम थांबले. मग खात्री झाली." त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे तिळाची वडी धरली. "घ्या."

मी वडी घेतली. हातात धरून बसलो. "तुम्ही कशाला आलात पण? एवढ्या लांब, खोटं बोलायला?"

"तो धागा पुसला असता त्यांनी. आणि बिनतारी गेला असता."

"म्हणजे तुम्ही बिनतारीच्या बाजूच्या."

"मी दोघांच्याही बाजूची. पण तुम्ही त्याच्यावर अन्याय करत होते, सर. तो जिंकायला आला की तुम्ही त्याला गप्प करायचे. शेवटचं वाक्य दर वेळी पोथीकाकांचं. मी मोजलं आहे." त्यांनी डबा बंद केला. "पासवर्ड द्या."

"कशाचा?"

"बिनतारीचा. तो आता माझा. तुम्ही एकट्यानं बोलायची सवय मोडा."

मी तिकिटाच्या मागे पेन्सिलनं पासवर्ड लिहून दिला.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी संगणक लावला. धाग्यावर बाराशे एकविसावा प्रतिसाद होता. 'पोथीकाका, परवा वाचलात. पण चिठ्ठीचा मुद्दा अजून तुमच्या डोक्यावर आहे. दारात बसलेल्या माणसाला आपण दारात बसलोय हे चौतीस वर्षं कळलं नसेल, तर पुस्तकं वाचून उपयोग काय झाला? — बिनतारी, खामगाव.'

मी ते तीनदा वाचलं. मग उठलो आणि घरात उगाचच एक चक्कर मारून आलो. मला उत्तर येत नव्हतं! मी खुर्ची ओढली, बोटं मोडली, लिहायला लागलो. अर्ध्या पानावर आलो आणि संगणक गप्प झाला. पंखाही थांबला.

वेळापत्रकात मंगळवारी दुपारी एकच्या आधी वीज जाणार नव्हती.

मी चप्पल घातली. वीज कार्यालयात मी आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बिल पुतण्या भरायचा. त्या दिवशी मी सरळ तक्रारीच्या खिडकीशी गेलो. आत शैलाबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू दिलं नाही.

"बोला."

"तीन नंबरच्या भागाची लाइट गेली आहे."

"हो. तारेवर फांदी पडली."

"कुठे?"

"शोधून राहिले," त्या म्हणाल्या आणि रजिस्टर खिडकीतून माझ्याकडे सरकवलं. "तक्रार लिहा."

दिनांक, नाव, पत्ता, तक्रारीचं स्वरूप, केलेली कारवाई, असे रकाने होते. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग तक्रारीच्या रकान्यात, बारीक अक्षरात, घरी अर्ध्यावर तुटलेलं उत्तर पहिल्यापासून लिहून काढलं. दारात बसलेल्याला दार दिसत नाही हे खरं, असं लिहिलं. पण तो तिथं बसून रोज वाट बघत होता, हेही खरं. रकाना पुरेना, तर समासात गेलो. माझ्या मागे एक पिठाच्या गिरणीवाला उभा होता.

"बाप्पा, कथा लिहून राहिले का?" तो म्हणाला.

ते रजिस्टर आज आमच्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. सरकारी वस्तू घरी कशी आली ते विचारू नका. वीज कार्यालयातून निवृत्त होताना कोणी घड्याळ नेतं, कोणी शाल नेतं.

शैलाबाईंनी माझं सगळं वाचलं. सावकाश, समासासकट. मग पेन बाजूला ठेवून त्यांनी खणातून पेन्सिल काढली, टोक केलं, आणि 'केलेली कारवाई' या रकान्यात काही लिहून रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

'आवडलं होतं,' असं तिथं लिहिलं होतं. 'अकरा वर्षं. गावंडे, शनिवारची चिठ्ठी. सगळी नाही आवडली. ते जाडं प्रवासवर्णन तर मुळीच नाही.'

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नवी दोरी अजून आणलेली नव्हती.

"ओ मॅडम," गिरणीवाला मागून म्हणाला, "लाइट केव्हा येते?"

"फांदी मोठी आहे भाऊ, वेळ लागन," त्या मान वर न करता म्हणाल्या. मग त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं, कोरं पान तळहातानं साफ केलं आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"प्रवासवर्णन काऊन दिलं होतं," त्या म्हणाल्या, "ते लिहा आधी."